कानात सांगितलेलं नाव

चारुशीला मोहिते बाईंनी चौतीस वर्षं साताऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. या काळात त्यांनी एक गोष्ट मुलांच्या डोक्यात अगदी खिळ्यासारखी ठोकून बसवली. प्रयोगवहीतली एखादी नोंद बाकीच्यांशी जुळत नसेल, तर ती खोडायची नाही. लाल पेन्सिलीने तिच्याभोवती गोल काढायचा.

"खोडलीत तर गुण मिळतील," त्या म्हणायच्या, "गोल काढलात तर काहीतरी कळेल."

निवृत्त होऊन दहा वर्षं झाल्यावर, २०३८ सालच्या फेब्रुवारीत, बाई हा नियम स्वतःच विसरल्या. तब्बल नऊ दिवस.

झालं असं की त्यांच्या आईला, अनसूयाबाई भोईट्यांना, नव्वद वर्षं पूर्ण होणार होती. वडील, म्हणजे तात्या, गेल्यापासून आई चारुशीलाबाईंकडेच राहत होती. वाढदिवसाला भिंतीवरच्या पडद्यावर घराण्याचा सगळा वृक्ष दाखवायचा, असा बाईंचा बेत होता. त्यासाठी त्यांनी 'पाळंमुळं' या सेवेत नाव नोंदवलं. आता घरोघरी लोक तेच करत होते. कुपीत थुंकी भरून पाठवायची, आणि पंधरा दिवसांत यंत्र सांगायचं, तुमचे कोण कुठे आहेत. जुन्या शाळांचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी, क्षेत्रोपाध्यांच्या वह्या, सगळं त्याने वाचून ठेवलेलं होतं. गेलेल्या माणसांच्याही रक्ताचा आराखडा ते जिवंत वारसांवरून जुळवायचं.

आईला आधी कळू नये म्हणून बाईंनी तिचा नमुना घेतला नाही, तिला काही विचारलंही नाही. पुण्याच्या धाकट्या भावाने, सुहासने, 'देतो नंतर' म्हणून टाळलं. नमुना गेला तो एकट्या बाईंचा. बाकीची माहिती त्यांनी घरातल्या वंशावळीवरून भरली. पूर्वी बैलावर बसून हेळवी गावात यायचा आणि घराण्याची नावं म्हणून दाखवायचा. त्याच्याकडून आजोबांनी ती उतरवून घेतलेली होती. आता हेळव्याच्या वंशावळीत मुलगे तेवढे असतात. लेकी लग्न होऊन गेल्या की त्यांच्याबरोबर त्यांची नावंही जातात. तात्यांना सुलोचना नावाची एक बहीण होती आणि ती तरुणपणीच गेली, एवढंच बाईंना ठाऊक होतं. आईचा भाऊ जगन्नाथ कोयनेला धरणाच्या कामावर होता आणि तिथेच वारला, हेही माहीत होतं. दोघांच्या पुढच्या चौकटी त्यांनी रिकाम्या सोडल्या.

एके सकाळी चहा घेताना उत्तर आलं.

"रूथ साळवे, वय ७१, मिरज. सामायिक अंश पाव. नातं: सावत्र बहीण. सामायिक पालक: वडील. शक्यता सत्त्याण्णव टक्के."

बाईंनी ते तीनदा वाचलं. आई पलीकडे गॅलरीत उन्हाला पाय देऊन बसली होती.

"काय गं, चहा निवला की तुझा," आई म्हणाली.

"निवू दे."

वर्गात असत्या तर बाईंनी हा हिशेब पत्त्यांनी समजावला असता. प्रत्येक माणसाकडे पत्त्यांचे दोन कॅट असतात, असं समजा. एक आईने दिलेला, एक वडिलांनी. आपलं मूल होतं तेव्हा आपण आपले दोन्ही कॅट पिसतो आणि त्यांतून एकच कॅट बनवून मुलाला देतो. म्हणजे आपल्याकडचे निम्मे पत्ते मुलाकडे जातात, निम्मे राहतात. म्हणून सख्ख्या भावंडांचे साधारण निम्मे पत्ते सारखे निघतात. आई किंवा वडील यांपैकी एकच सामायिक असेल तर पाव. मामेबहीण किंवा आतेबहीण असेल तर आणखी निम्मे, म्हणजे एक अष्टमांश. यंत्राला पाव सापडले होते. आईकडून लेकीला मिळणारा एक खास धागा असतो, तो मात्र दोघींचा वेगळा होता. म्हणजे आई एक नाही. उरले वडील. मुलांनी असं उत्तर लिहिलं असतं तर बाईंनी पैकीच्या पैकी दिले असते.

खाली त्या बाईंचा निरोप होता.

"नमस्कार. मला कुणाकडून काही नको. मी निवृत्त परिचारिका आहे, घर आहे, दोन मुलगे आहेत. कोयनेच्या भूकंपात जखमींच्या ट्रकमधून मला मिरजेला आणलं, तेव्हा मी दहा-अकरा महिन्यांची असेन. ज्या नर्सबाईंनी मला वाढवलं त्यांनी रूथ नाव ठेवलं आणि चांगलं ठेवलं. पण त्याआधी माझं काहीतरी नाव असणार. ते सांगू शकेल असं कुणी आहे का, एवढंच विचारायचं होतं."

त्याखाली दोन बटणं होती, 'स्वीकार' आणि 'नकार'. दहा दिवसांत काहीच केलं नाही तर नातं घराच्या वृक्षावर आपोआप उघडं होणार होतं, आणि दहावा दिवस म्हणजे नेमका आईचा वाढदिवस. नकार दिला तर धागा कायमचा तुटणार होता. कायदाच तसा होता. एकदा नकार दिलेली जुळणी पुन्हा कधी कुणाला दाखवायची नाही.

बाईंनी सुहासला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलला, "आपले तात्या?"

"आपलेच."

"अगं, ते एसटीत बाईशेजारी जागा असली तर उभ्याने यायचे."

"तेच म्हणते मी."

"ताई, ऐक. नकार दाब आणि मोकळी हो. नव्वदाव्या वर्षी आईला हे दाखवणार आहेस? ती काय करेल?"

"आणि ती मिरजेची बाई?"

"तिचं एकाहत्तर वर्षं अडलं नाही ना?"

सुहास वाईट माणूस नव्हता, घाईचा होता. बाईंनी बटण दाबलं नाही. पण त्या दिवसापासून तात्यांच्या फोटोवरची धूळ पुसणं त्यांनी सोडलं.

मनात एकदा शंका शिरली की ती जुन्या आठवणींतूनही आपल्याला हवं ते वेचून आणते. तात्या तारमास्तर होते, तरुणपणी महिन्यातून एकदा कोयनेला जायचे, म्हणे मेहुण्याला भेटायला. पुढे बाई शाळेत जायला लागल्या तेव्हाही दर डिसेंबरात ते दोन दिवस कुठेतरी जायचे. विचारलं तर म्हणायचे, "कामं असतात, बाळ." परत यायचे ते गप्प होऊन. आणि आई? टीव्हीवर कोयनेचं नाव निघालं की ती उठून आत जायची. सगळं कसं चपखल बसत होतं. आई-तात्यांचं लग्न मे सहासष्टचं, रूथ जन्मली सदुसष्टच्या सुरुवातीला. आईला ठाऊक असणार, बाईंना वाटलं. ठाऊक आहे, तोंडाने बोलली नाही, इतकंच. मग ते तिच्या वाढदिवसाला भिंतीवर लावायचं?

आठव्या दिवशी त्यांनी ठरवलं, नकार द्यायचा. पण त्या बाईला न सांगता दार लावून घेणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी फोन लावला.

पडद्यावर पांढऱ्या केसांची, सडपातळ, उंच बाई आली. कानात यंत्र होतं.

"थांबा हं, कान नीट लावते," ती म्हणाली. "डाव्याने निम्मंच ऐकू येतं. सून म्हणते, सोयीचं तेवढंच. बोला."

बाईंनी सांगितलं. आई आहे, नव्वदीची आहे, तिला धक्का बसेल, म्हणून.

"बरोबर आहे तुमचं," रूथबाई म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं वॉर्डात काढलीत. म्हाताऱ्या माणसाला काय सांगावं, कधी सांगावं, हे मला कळतं. तुमच्या आईला आपल्या नवऱ्याबद्दल वाईट वाटायला लावून मला माझं नाव नको."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. पण तुमच्यावर नाही." त्या जरा हसल्या. "तुम्ही फोन तरी केलात. आणि एक सांगू? तुमचं नाक माझ्यासारखं आणि माझ्या धाकट्या मुलासारखं आहे. बिचाऱ्याला शाळेत फार चिडवायचे."

"मलाही," चारुशीलाबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांनी नकार दुसऱ्या दिवसावर ढकलला.

नवव्या दिवशी दुपारी आई मेथी निवडायला बसली आणि बाई पडद्यासमोर. 'नकार'वर बोट नेलं. यंत्राने विचारलं, "हा निर्णय बदलता येत नाही. एकदा तपशील पाहायचा आहे का?" आजवर त्यांनी तपशील उघडलेलाच नव्हता. उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलं होतं, मग गणित कशाला सोडवायचं? वर्गातल्या कुणी असं केलं असतं तर बाईंनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

त्यांनी तपशील उघडला.

आकड्यांच्या लांबच लांब रांगा होत्या. त्या खाली सरकत गेल्या. अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. "एक्स गुणसूत्र: जुळणी तुकड्यांत. नमुन्यातील त्रुटी गृहीत धरून दुर्लक्षित."

बाईंचा हात आपोआप टेबलाच्या खणात गेला. तिथे लाल पेन्सिल होती. चौतीस वर्षांची सवय ती. समोर कागद नव्हता, म्हणून त्यांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर ती ओळ उतरवली आणि तिच्याभोवती गोल काढला.

यंत्राने नोंद खोडली होती. ती उत्तरात बसत नव्हती म्हणून.

आता बाई गणित स्वतः सोडवायला बसल्या. पत्त्यांचाच दाखला घ्यायचा तर कॅटातला एक्स हा एक मोठा पत्ता. बाईकडे असे दोन असतात, म्हणून मुलाला देताना ती दोन्हींचे तुकडे जोडून देऊ शकते. पुरुषाकडे एक्स एकच. जोडायला दुसरा नाहीच. म्हणून बाप लेकीला आपला एक्स देतो तो जसाच्या तसा, अख्खा, कोपराही न दुमडता. एका बापाला दहा लेकी असल्या, दहा बायकांपासून असल्या, तरी त्या दहाही जणींकडे तो एक पत्ता तंतोतंत सारखा असणार.

चारुशीला आणि रूथ यांचा एक्स तुकड्यातुकड्यांत जुळत होता. म्हणजे अख्खा नव्हता.

म्हणजे वडील एक नव्हते.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. नऊ दिवस छातीवर ठेवलेला पाटा कुणीतरी उचलावा तसं झालं. त्यांना एकदम हसू आलं, आणि मग लाज वाटली. एसटीत उभ्याने येणारे तात्या. त्यांच्यावर आपण नऊ दिवस खटला चालवला, तोही त्यांना एक शब्द बोलायची सोय नसताना.

पण मग पाव आले कुठून? त्यांनी पुन्हा आकडे पाहिले. काही जागी तर दोघींचे दोन्हीही पत्ते सारखे होते, एका कॅटातलाही आणि दुसऱ्यातलाही. एकाच बाजूचं नातं असतं तर असं झालं नसतं. या बाईचं नातं तात्यांच्या बाजूनेही होतं आणि आईच्या बाजूनेही.

त्या उठून आईजवळ गेल्या आणि मेथीची एक जुडी ओढून घेतली.

"आई, एक विचारू? तात्यांच्याही रक्ताचं आणि तुझ्याही रक्ताचं, असं आपल्यात कोण होतं? आम्ही दोघं सोडून."

आईचा हात थांबला.

"ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी हिशेब करत होते."

आईने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "सुलू. तुझी आत्या. ती माझी भावजय हुती."

"भावजय?"

"माझं लगीन झालं त्याच मांडवात जगूदादाचं आन् तिचं झालं. साटंलोटं. तुमची लेक आमच्या घरात, आमची लेक तुमच्या घरात. तवा रीतच हुती. एकाच खर्चात दोन वराती."

"मग हे आम्हाला कधीच का नाही सांगितलंत?"

"कसं सांगायचं? जगूदादाला कोयनेच्या कामावर लावलं तुझ्या तात्यांनी. सदुसष्टच्या डिसेंबरात भूकंप झाला, घर पडलं. माझा भाऊ गेला, त्यांची बहीण गेली. त्यांनी माझ्या भावाचं नाव काढलं की मला रडू यायचं, मी सुलूचं काढलं की ते जेवायचे न्हाईत. मग दोघांनीबी काढायचं सोडलं."

बाईंनी उठून मघाचं बिल आणि पेन्सिल आणली. बिलाच्या पाठीवर त्यांनी लिहिलं, आत्याची मुलगी, एक अष्टमांश. त्याखाली, मामाची मुलगी, एक अष्टमांश. दोन्ही एकच मुलगी. बेरीज पाव. यंत्र मोजण्यात चुकलं नव्हतं. ज्या मुलखांतल्या नात्यांवर ते शिकलं तिथे साटंलोटं नव्हतं, आणि बाईंनी चौकटी रिकाम्या सोडल्या होत्या. पाव म्हणजे सावत्र, एवढंच त्याला पढवलेलं. साताऱ्याच्या कुठल्याही म्हातारीला विचारलं असतं तर तिने मेथी निवडता निवडता सांगितलं असतं.

"आई," बाईंनी आवाज शक्य तेवढा सपाट ठेवला, "आत्याला मूल होतं?"

"हुती की. पोरगी. धा महिन्याची." आईने एक काडी मोडली. "तिला शोधायला तुझे तात्या चार दिस ढिगाऱ्यात हुते. परत आले आन् म्हणाले, तिघंबी गेली. माझ्याकडं न बघता म्हणाले. मला कळलं, पोरीचं काय झालं ते त्यांना ठाव न्हाई. मी वाट बघत बसू नये म्हणून तसं म्हणाले. मग मी पण मानल्यासारखं केलं."

"आणि डिसेंबरात ते दरवर्षी कुठे जायचे?"

"शोधायला. कराड, सांगली, कोल्हापूर. अनाथाश्रम म्हणू नको, दवाखाने म्हणू नको. मला कामं असतात म्हणायचे. मी डबा करून द्यायची. दोघांना पुरंल एवढा, पोरगी घावलीच तर."

मग बाईंनी सांगितलं. एका वाक्यात सांगितलं, कारण दोन सांगायला आवाज पुरला नसता. "आई, ती आहे. मिरजेला."

आईने खाली पाहिलं, मेथीची पानं गोळा केली, टोपलीत टाकली, परत बाहेर काढली. बाईंनी तिचे हात आपल्या हातांत धरले, तेव्हा कुठे ते थांबले.

"उंच हाय का?" आईने विचारलं. "जगूदादासारखी?"

"उंच आहे. आणि नाक आपलं आहे."

"घ्या. पोरीला बाकी काय न्हाई मिळालं, नाक मिळालं." आईने पदराने डोळे पुसले. "उद्याच ये म्हणावं. तो तुमचा वाढदिवस का काय, राहू दे."

बाईंनी 'स्वीकार' दाबलं. मग फोन करायच्या आधी त्यांनी ओला फडका घेतला आणि तात्यांचा फोटो पुसला. कोपऱ्यातली धूळसुद्धा नखाने काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रूथबाई आल्या, घरी केलेला केक डब्यात घेऊन. सुहासही पुण्याहून आला होता. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "प्रवास बरा झाला ना?"

"झाला. बस आता आपली आपणच चालते. बोलायला ड्रायव्हर नाही, एवढंच," रूथबाई म्हणाल्या. मग त्यांना खुर्चीतल्या अनसूयाबाई दिसल्या आणि त्या दारातच थांबल्या.

"ये की," आई म्हणाली. "अशी लांब नको. मला जवळचंच दिसतंय."

त्या जवळ आल्या, खुर्चीपाशी खाली बसल्या. एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली. आईने त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी. वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही.

"मी तुमची कोण लागते?" रूथबाईंनी विचारलं.

"भाची. मी तुझी आत्या. मामी पण हाय, पण आत्या आधी." आई जरा पुढे वाकली. "तुला ठाव हाय का, आपल्यात पोरीचं नाव कोण ठेवतं ते?"

रूथबाईंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांच्या घरी नाव चर्चमध्ये ठेवलं होतं.

"आत्या ठेवते. कानात सांगती. तुझ्या बारशाला मी एकोणीस वर्षांची हुते. तुला मांडीवर घेऊन सांगितलं. त्यातलं आता कुणीच न्हाई, मी सोडून." आईने हात पुढे केला. "कान आण."

"डाव्याने नीट ऐकू येत नाही हो मला."

"मग उजवा आण. कानाला काय, कुठलाबी चालतो."

रूथबाईंनी उजवा कान पुढे केला आणि मान झुकवली. आईने तोंडाशी हाताची ओंजळ केली.

"कुर्रर्र," तिने म्हटलं, आणि मग नाव सांगितलं.

खोलीत दुसऱ्या कुणालाच ते ऐकू आलं नाही. रूथबाई डोळे मिटून तशाच वाकून राहिल्या. मग, नवी चप्पल पायात घालून बघावी तसं, त्यांनी हळूच म्हणून पाहिलं.

"वेणू."

"वेणूच," आई म्हणाली. "जगन्नाथ निकमांची."

सुहास खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. चारुशीलाबाईंना मात्र आठवलं, बारशाला एक गोष्ट अजून राहते. आत्याने नाव सांगितलं की मागे उभ्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्क्या मारायच्या, आणि त्यांत पहिला मान भावजयीचा. त्या आईच्या मागे गेल्या आणि मुठीने तिच्या पाठीवर अगदी हलकेच टकटक केली, दारावर करावी तशी.

आईने मान वळवून पाहिलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "सुलूनं पाठ लाल केली हुती माझी."